वेबसाइट आणि अ‍ॅप दिव्यांगांनाही वापरता यावेत म्हणून: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीताबर्डीतले दुकानदार, धरमपेठेतले डॉक्टर, नंदनवनमधले क्लासवाले, पतसंस्थांचे सचिव आणि मिहानमध्ये बसून कोड लिहिणारी पोरं हे प्रश्न विचारत असतात. काही प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. लोक जिथे जास्त अडकतात तिथे जास्त लिहिलं आहे.

सुगम वेबसाइट म्हणजे नेमकं काय?

ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचे हात नीट चालत नाहीत किंवा ज्याला वाचायला त्रास होतो, अशा माणसाचं काम तुमच्या वेबसाइटवर दुसऱ्या कुणाला हाक न मारता पूर्ण झालं, तर ती सुगम. पान उघडलं एवढ्यानं भागत नाही. अपॉइंटमेंट मिळाली पाहिजे, फी भरून पावती आली पाहिजे, तिकीट निघालं पाहिजे.

अंध माणूस मोबाइल वापरतो तरी कसा?

हा प्रश्न लाजत विचारला जातो, पण इथूनच सुरुवात करायला हवी. जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर नावाची सोय असते. त्यांना स्क्रीन रीडर म्हणतात. ती सुरू केली की बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट बोलून दाखवली जाते: "शोधा, बटण", "मोबाइल क्रमांक, एडिट बॉक्स". हवी ती गोष्ट ऐकू आली की स्क्रीनवर कुठेही दोनदा टॅप करायचं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर हेच काम एनव्हीडीए करतं. ते फुकट आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन अंध मित्रांनी ते उभं केलं. जॉज नावाचं दुसरं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं.

स्क्रीन रीडर तुमचं चित्र बघत नाही. तो कोडमध्ये लिहिलेलं वाचतो. तुमच्या डिझायनरनं टोपलीचं सुंदर आयकॉन काढलं आणि डेव्हलपरनं त्याला नाव दिलं नाही, तर समोरच्याला फक्त "बटण" ऐकू येतं. एका पानावर अशी सात बटणं असली की तो माणूस एकेक दाबून बघतो, आणि त्यातलं एखादं "डिलीट" निघतं.

आमच्याकडे अंध गिऱ्हाईक येतच नाही जी. मग एवढं कायले करायचं?

लॉगिनच्याच पानावर अडकलेलं गिऱ्हाईक तुमच्या आकड्यांत कधी दिसत नाही, म्हणून तसं वाटतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हाची मोजणी मोजक्याच प्रकारांची होती. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. सिकलसेल विदर्भाला नवा नाही. मेडिकलच्या किंवा मेयोच्या ओपीडीत बसलेल्या कुणालाही विचारा. या आजारात सांधे असे दुखतात की फोन धरणं नको होतं, काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो, काहींना पक्षाघाताचा झटका येतो. अशा माणसाकडे बघून कुणी त्याला दिव्यांग म्हणणार नाही, पण बारीक बटणं आणि दोन मिनिटांत संपणारा फॉर्म त्याला नेमका नडतो.

मोतीबिंदू झालेले आजोबा, हात प्लास्टरमध्ये असलेली विद्यार्थिनी, कडेवर लेकरू घेऊन एका हातानं फोन चालवणारी आई हेही याच रांगेत आहेत. आणि मे महिन्यात दुपारी दोनला व्हेरायटी चौकात उभं राहून फिकट करड्या अक्षरांतला ओटीपी वाचून बघा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आपण सगळेच अल्पदृष्टी असतो.

कायदा काय म्हणतो? तो फक्त सरकारी वेबसाइटना लागू आहे ना?

नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४० खाली केंद्र सरकार सुगम्यतेचे नियम करतं, कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दल आहे, आणि कलम ४६ मध्ये सेवा देणारा "सरकारी असो वा खासगी" असं स्पष्ट म्हटलं आहे. कलम ८९ प्रमाणे कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

खासगी कंपन्यांच्या बाबतीतला एक गाजलेला आदेश नागपूरशी जोडलेला आहे. नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले दृष्टिबाधित वकील राहुल बजाज यांनी डॉक्टरांची वेळ ठरवून देणाऱ्या एका मोठ्या अ‍ॅपविरुद्ध दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार नेली. २०२२ मध्ये आयुक्तांनी खासगी अ‍ॅपही या चौकटीत येतं असं धरून ते सुधारायला सांगितलं. २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन वेबसाइट-अ‍ॅपच्या सुगम्यतेचं आयएस १७८०२ हे भारतीय मानक त्यात आलं.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की सुगम्यतेचा नियम १५(१) नुसता शिफारशीसारखा लिहिला आहे, कायद्याला मात्र सक्ती अपेक्षित आहे. म्हणून तो नियम रद्द ठरवून सरकारला बंधनकारक नियम करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर बँक, सिमकार्ड, विमा अशा सगळ्यांच्या केवायसीवर आहे. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे आणि चेहरा भाजलेल्या स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकावता येत नव्हती आणि अ‍ॅप त्यांना "जिवंत" मानत नव्हतं. न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले.

हे सगळं वाचून घाबरू नका. दंडाची भीती दाखवून महागडं "सर्टिफिकेट" विकणारे लोक आता फोन करू लागले आहेत, त्यांच्यापासून मात्र सावध राहा.

डब्ल्यूसीएजी, जीआयजीडब्ल्यू, आयएस १७८०२... यातलं पाळायचं कोणतं?

मूळ एकच आहे: वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं. पहिली आवृत्ती १९९९ ची, २.० ही २००८ ची, २.१ ही २०१८ ची आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. प्रत्येकीत ए, एए आणि एएए असे तीन स्तर. सरकारी वेबसाइटसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० आणि भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ दोन्ही याच तत्त्वांवर उभी आहेत. तुम्ही २.१ चा एए स्तर गाठलात तर बहुतेक सगळं आलं. नवीनच बनवत असाल तर थेट २.२ घ्या.

आमची वेबसाइट मराठीत आहे. काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि नागपुरातल्या वेबसाइट सगळ्यात जास्त इथेच आपटतात. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडची निम्मी अडचण एका वाक्यात सुटेल: मराठी मजकूर हा खरा मजकूर असू द्या, त्याचं चित्र करू नका.

आधी फॉन्ट. कृतिदेव, श्री-लिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असतो, आत इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये "मराठी" लिहिलं की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं जातात आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. पूर्ण परिपत्रक असं ऐकावं लागलं तर डोळस माणूसही पळून जाईल. गुगलमध्येही असा मजकूर सापडत नाही, कॉपी केला की कचरा येतो. उपाय म्हणजे युनिकोड, ज्यात फाइलमध्ये खरी देवनागरी अक्षरंच जातात. जुन्या फाइल बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते चालवल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे ती हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

दुसरं, छापखाना. महाल-इतवारीतल्या डीटीपीवाल्याकडून पत्रक करून घेतलं की तो कोरलमध्ये अक्षरं "कर्व्ह करून" पीडीएफ देतो, म्हणजे छापताना फॉन्ट बदलायला नको. कागदासाठी हे बरोबरच आहे. पण तीच फाइल वेबसाइटवर चढवली तर तिच्यात एकही अक्षर उरलेलं नसतं, नुसत्या वेड्यावाकड्या रेघा असतात. त्यामुळे डीटीपीवाल्याकडून कर्व्ह करण्याआधीचा मजकूरही मागून घ्या. तो युनिकोडमध्ये नसेल तर कन्व्हर्टरमधून काढा, आणि वेबसाइटवर तोच टाका.

तिसरं, भाषेची खूण. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, पान कोणत्या भाषेत आहे हे सांगायची जागा असते; मराठीसाठी तिथे "एमआर" हा दोन अक्षरी कोड लागतो. टेम्प्लेट बाहेरून आणलेलं असलं की तिथे इंग्रजीचा कोड तसाच राहतो. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायचा प्रयत्न करतो, अडखळतो किंवा ओळीच्या ओळी गाळतो. एका ओळीची दुरुस्ती आहे. मराठी पानावर मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्याच भागाला इंग्रजीची खूण द्या. मराठी आवाज उपलब्ध आहेत. गुगलचा आहे, एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकचाही आहे. दुसरा यंत्रमानवासारखा बोलतो, पण सवय झालेले लोक तो भन्नाट वेगात ऐकतात.

चौथं, दिसणं. इंग्रजीसाठी केलेल्या डिझाइनमध्ये अक्षरांत अंतर सोडायची फॅशन आहे. देवनागरीला ते लावलं की शिरोरेषा तुटते आणि अल्पदृष्टी माणसाला शब्द कुठे संपला हे कळत नाही. ओळींतलं अंतर कमी ठेवलं तर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. बटणाची उंची पक्की ठरवून टाकली असेल तर फॉन्ट मोठा करताच मात्रा कापल्या जातात. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, अक्षरांतलं अंतर शून्य ठेवा, आणि बारीक वजनाचा फॉन्ट मजकुराला वापरू नका.

संक्षेपही जपून. "मो. क्र.", "अ. क्र.", "म. न. पा." हे आपण डोळ्यांनी ओळखतो, आवाजात ते सुटे सुटे ऐकू येतात. जागा आहे तर "मोबाइल क्रमांक" लिहायला काय हरकत आहे?

नोटिशीचा फोटो टाकला तर चालतो का? व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तर फिरतं.

फोटो टाका, पण खाली तोच मजकूर टाइपही करा. सोसायटीचं पाणी उद्या बंद आहे, परीक्षेची तारीख बदलली, शिबिर अमुक हॉलमध्ये आहे: या तीन ओळी टाइप करायला मिनिट लागतं. सही-शिक्क्याचं पत्र असेल तर स्कॅन आणि मजकूर दोन्ही द्या.

मग पीडीएफ अजिबात नको?

पीडीएफ चालते, फक्त तिचा जन्म नीट झाला पाहिजे. वर्डमध्ये शीर्षकांना "हेडिंग" शैली द्या (अक्षरं मोठी-ठळक करणं म्हणजे हेडिंग नव्हे), तक्त्याच्या पहिल्या ओळीला शीर्षक-ओळ म्हणा, चित्रांना वर्णन द्या आणि "सेव्ह अ‍ॅज" करून पीडीएफ काढा. "प्रिंट टू पीडीएफ" केलं की ही सगळी रचना पुसली जाते. वेळापत्रक, फीचा तक्ता, निकाल यांसाठी मात्र सरळ वेबपान करा. मोबाइलवर पीडीएफ कुणालाच आवडत नाही.

फोटोला आल्ट टेक्स्ट काय लिहायचं?

आल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोसाठी कोडमध्ये लिहिलेलं वर्णन; स्क्रीन रीडर तेच वाचतो. तो फोटो तिथे कशासाठी आहे ते त्यात लिहा. मिठाईच्या दुकानाच्या वेबसाइटवर "आयएमजी ४५२१" किंवा "फोटो" लिहून उपयोग नाही. "संत्रा बर्फी, अर्धा किलोचा डबा" पुरे. साडीच्या दुकानात मात्र जरा जास्त लिहा, कारण गिऱ्हाईक त्यावरच निर्णय घेणार: रंग, काठ, पदर, बुट्टी. शोभेच्या वेलबुट्टीला रिकामं आल्ट ठेवा म्हणजे स्क्रीन रीडर तिला ओलांडून जातो. आणि "बेस्ट साडी नागपूर स्वस्त साडी सीताबर्डी" असे शब्द गुगलसाठी आल्टमध्ये कोंबणाऱ्यांनी ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावेत.

फॉर्ममध्ये लोक कुठे अडकतात?

सगळीकडे. म्हणून हे जरा सविस्तर.

चौकटीच्या आत फिकट अक्षरांत "तुमचं नाव" लिहिलेलं असतं आणि टाइप करायला लागलं की ते गायब होतं. ते लेबल नव्हे. प्रत्येक चौकटीला बाहेर, कायम दिसणारं आणि कोडमध्ये तिच्याशी जोडलेलं लेबल हवं. चूक झाली की नुसती लाल चौकट दाखवू नका. "पिन कोड सहा अंकी हवा" असं शब्दांत लिहा, आणि स्क्रीन रीडरला ते आपोआप ऐकू जाईल अशी व्यवस्था करा. फॉर्म भरताना चुकलं तर आधी भरलेलं पुसू नका. प्रवेशाच्या दिवसांत हा छळ सगळेच सोसतात, पण एकेक चौकट ऐकत भरणाऱ्याची त्यात तासभराची मेहनत जाते.

जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडून ते १९७० पर्यंत महिन्या-महिन्यानं मागे न्यायला लावणं हा कुणाचा विनोद आहे कळत नाही. साधी टाइप करायची चौकट ठेवा.

ओटीपीची मुदत संपण्याआधी सांगा आणि वाढवून द्या. स्क्रीन रीडरवाल्याला मेसेजमध्ये जाऊन, ऐकून, परत येऊन टाइप करायचं असतं. ओटीपी आणि पासवर्ड पेस्ट करू द्या. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये लॉगिनसाठी माणसाला पाठांतर किंवा कोडी सोडवायला लावू नका असा नियमच आहे. सहा अंकांसाठी सहा वेगळ्या चौकटी दिसायला देखण्या असतात; एक चौकट जास्त चांगली चालते.

कॅप्चा शक्यतो काढाच. वाकडीतिकडी अक्षरं अंधांना दिसत नाहीत, डिस्लेक्सिया असलेल्यांना लागत नाहीत, आणि त्याचा "ऑडिओ पर्याय" बहुधा इंग्रजीत असतो. नरखेडच्या शेतकऱ्याला संत्र्याच्या बागेचा अर्ज भरताना खरखरीतल्या इंग्रजीत अक्षरं कशी ओळखता येणार? बॉट रोखायला पडद्याआड चालणारे मार्ग आहेत, तुमच्या डेव्हलपरला ते माहीत असतात.

मोबाइलच्या जमान्यात कीबोर्डनं कोण चालवतं?

ज्याला माउस धरता येत नाही तो. सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन्स, मणक्याची दुखापत. काही जण एकच मोठं बटण दाबून, म्हणजे स्विचनं फोन चालवतात, काही जण आवाजानं. या साऱ्या साधनांना कोडमध्ये तीच शिस्त लागते जी कीबोर्डला लागते, त्यामुळे टॅब दाबत पूर्ण पान पार करता आलं तर अर्धी लढाई जिंकली. टॅब दाबताना सध्या कुठे आहोत ते दाखवणारी चौकट दिसली पाहिजे. "ती घाण दिसते" म्हणून डिझायनर ती काढायला लावतात. काढू नका, आवडेल तशी सजवा.

आमचा ब्रँड नारिंगी आहे. संत्रानगरी ना!

अर्ध्या शहराचा आहे. हरकत नाही, फक्त नारिंगीवर पांढरी अक्षरं लिहू नका. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. नेहमीच्या शुद्ध नारिंगीवर पांढरं लिहिलं तर तो जेमतेम २ ला १ येतो. त्याच नारिंगीवर काळं लिहिलं तर साडेदहाच्या आसपास जातो. रंग तोच ठेवून अक्षरं बदलली, झालं.

आणि नुसत्या रंगानं काही सांगू नका. मेट्रोचा नकाशा वेबसाइटवर काढत असाल तर ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन रेघांवर त्यांची नावंही लिहा. शेअर बाजाराचा लाल-हिरवा आकडा असेल तर बाण किंवा उणे-अधिक चिन्ह जोडा.

ऐकू न येणाऱ्यांना वेबसाइट वाचता येते. त्यांची काय अडचण?

व्हिडिओ. क्लासचं लेक्चर, डॉक्टरांचा सल्ला, अर्ज भरण्याची माहिती, सगळं बोलून सांगितलेलं असतं. कॅप्शन द्या. आपोआप बनणारी मराठी कॅप्शन कच्चा माल म्हणून घ्या आणि हातानं दुरुस्त करा. औषधाच्या नावांत आणि गणितात ती भलतंच लिहितात.

दुसरी अडचण कुणाच्या लक्षात येत नाही: "अधिक माहितीसाठी फोन करा." संपर्काचा तेवढाच मार्ग असेल तर कर्णबधिर माणसानं काय करायचं? व्हॉट्सअ‍ॅप नंबर किंवा ईमेल शेजारी द्या. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी ही नंतर शिकलेली. म्हणून वाक्यं लहान ठेवा, आणि महत्त्वाच्या सूचनेचा सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ करता आला तर फारच उत्तम.

सोपी मराठी लिहिली तर वेबसाइट हलकी वाटणार नाही का?

"सदर अर्ज विहित नमुन्यात सादर न केल्यास तो विचारात घेतला जाणार नाही" यापेक्षा "अर्ज याच नमुन्यात भरा, नाहीतर तो नाकारला जाईल" हे सगळ्यांना लवकर कळतं, वकिलांनासुद्धा.

अ‍ॅप बनवणाऱ्या पोरांसाठी काही?

प्रत्येक आयकॉन-बटणाला नाव द्या: अँड्रॉइडमध्ये कंटेंट डिस्क्रिप्शन, आयओएस आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी लेबल, फ्लटरमध्ये सिमँटिक्स. नाव मराठी अ‍ॅपमध्ये मराठीतच असू द्या. भाषांतराच्या फाइलमधून ही नावं हमखास सुटतात. नावात "बटण" लिहू नका, ते टॉकबॅक स्वतः बोलतो, मग "शोधा बटण, बटण" असं ऐकू येतं.

फ्लटर सगळं स्वतःच रंगवतं, त्यामुळे स्वतः घडवलेल्या विजेटला सिमँटिक्स दिलं नाही तर स्क्रीन रीडरच्या दृष्टीनं ते अस्तित्वातच नसतं. फ्लटरच्या वेब आवृत्तीत तर सुगम्यता मुळात बंद असते, ती सुरू करावी लागते.

दाबायच्या जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट. फोनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट सगळ्यात मोठा करून प्रत्येक स्क्रीन बघा. खालून वर येणारा पॉपअप उघडला की फोकस त्याच्यात गेला पाहिजे आणि बंद केला की मूळ जागी परतला पाहिजे. नाहीतर माणूस झाकलेल्या पानावरच फिरत राहतो.

एक प्लगइन टाकलं की वेबसाइट सुगम होते म्हणतात. खरं?

नाही. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, अक्षरं मोठी करायचं बटण येतं. ही सोय फोनमध्ये आधीपासून असतेच. लेबल नसलेला फॉर्म तसाच राहतो. असं प्लगइन विकणाऱ्या एका कंपनीनं वेबसाइट नियमांत बसवून देण्याचे खोटे दावे केले म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये तिला दहा लाख डॉलर भरायला लावले.

तपासायचं कसं? पैसे न खर्चता?

पहिली फेरी तुम्हीच करा. माउस बाजूला ठेवून टॅबनं चाला. ब्राउझर ४०० टक्के मोठा करा आणि आडवं सरकवावं लागतं का बघा. क्रोममधलं लाइटहाउस किंवा वेव्ह हे चुका शोधणारं साधन चालवा. अँड्रॉइड अ‍ॅपसाठी गुगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर आहे. मग टॉकबॅक लावून, डोळे मिटून, तुमच्याच अ‍ॅपवर एक ऑर्डर द्या. (टॉकबॅक सुरू करण्याआधी तो बंद कसा करायचा हे वाचून ठेवा. सुरू झाल्यावर एका टॅपनं काही उघडत नाही आणि लोक घाबरून फोन दुकानात नेतात.)

लाइटहाउसमध्ये शंभर गुण आले म्हणून थांबू नका. यंत्राला आल्ट टेक्स्ट आहे की नाही ते कळतं. तो मजकूर बरोबर आहे का हे कळत नाही. साडीच्या फोटोला "चप्पल" लिहिलं तरी गुण शंभरच.

म्हणून दुसरी फेरी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून करून घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. "समाजसेवा म्हणून बघून द्या ना" हे वाक्य त्यांनी फार ऐकलं आहे.

खर्च किती येतो?

सुरुवातीपासून केलं तर वेगळा असा फारसा नाही. बनून गेल्यावर करायला गेलं तर खर्च येतो, म्हणून क्रम लावा: आधी ज्या कामासाठी लोक येतात तो रस्ता, म्हणजे लॉगिन, ऑर्डर, पैसे भरणं, मग संपर्काचं पान, "आमच्याविषयी" शेवटी. वर्डप्रेस वापरत असाल तर "अ‍ॅक्सेसिबिलिटी-रेडी" अशी खूण असलेली थीम निवडा. आणि पेमेंट गेटवे घेताना त्या कंपनीला आधी विचारा की त्यांचं पैसे भरायचं पान स्क्रीन रीडरवर चालतं का. तुमचं सगळं नीट असून पैसे भरताना गाडी अडली तर बोल तुम्हालाच लागणार.

आमचे क्लायंट जर्मनी-फ्रान्सचे आहेत. त्यांचे नियम वेगळे?

युरोपचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. ऑनलाइन विक्री, बँकिंग, ई-पुस्तकं, प्रवासाची तिकिटं असं बरंच त्यात येतं. त्यांचं ईएन ३०१ ५४९ हे मानक आणि आपलं आयएस १७८०२ जवळचे नातेवाईक आहेत, त्यामुळे इथलं शिकलेलं तिथे चालतं.

मी स्वतः दृष्टिबाधित आहे. एखादं अ‍ॅप चालत नाही तर तक्रार कुठे करू?

आधी कंपनीला लिहा, आणि तोंडी नको. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, अ‍ॅपची आवृत्ती, कोणत्या स्क्रीनवर होता, काय करायचं होतं आणि टॉकबॅक काय बोलला एवढं लिहा. स्क्रीनचं आवाजासकट रेकॉर्डिंग जोडा. ते ऐकल्यावर डेव्हलपरचे डोळे उघडतात. पुरेसे दिवस वाट पाहून उत्तर आलं नाही तर तोच ईमेल जोडून महाराष्ट्राच्या दिव्यांग आयुक्तांकडे किंवा दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार पाठवा. बँकेचा प्रश्न असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत ऑनलाइन तक्रार करता येते. केंद्र सरकारचं सुगम्य भारत अ‍ॅपही आहे.

कंपनीनं दुरुस्ती केली तर पुढच्या अपडेटनंतर तोच रस्ता पुन्हा एकदा तपासून बघा. बटणांची नावं अपडेटमध्ये सगळ्यात आधी उडतात.